नावाड्याची कॉलर

कप्तानाला पोहता येत नव्हतं. पोहणं राहू द्या, होडीत त्याला धड बसताही येत नसे. पाणी नुसतं हललं की त्याचा चेहरा ओल्या कागदासारखा व्हायचा. तरी अख्खी गल्ली त्याला कप्तान म्हणे, आणि तोही त्या हाकेला अशी मान वळवी, की पाठीमागे जहाज नांगरून ठेवलं असावं. आयुष्यभर त्याने बसमध्ये तिकिटं तपासली. त्या नोकरीत वर्षातून एकदा नवराबायकोचा फुकट पास मिळे आणि दोघं कुठेतरी जाऊन येत. कप्तानपद अशाच एका सहलीतून आणलेलं.

त्याच्या बायकोला मग ओघानेच कप्तानीण म्हणत. ती फारशी बोलत नसे. बोलणार कधी? घरातली सगळी हवा एकट्या कप्तानाला लागायची. ती आपली प्रत्येक सहलीतून एखादं कापड आणायची. लॉजच्या फाटक्या पडद्याची पट्टी, पिठाच्या पिशवीचा तुकडा, पावसात भिजून आटलेला स्वतःचाच रुमाल. घरी आली की जुन्या चादरींचे थर घालून त्या सहलीची गोधडी शिवायला बसायची. शिवण कडेने सुरू करून फेऱ्याफेऱ्यांनी आत न्यायची, ही तिची पद्धत. कडेला सुई पळायची, कारण कडेला काय, सामान बांधणं, खिडकीतली झाडं, खोलीतली ओल. मधला चौकोन मात्र ज्यासाठी ती सहल लक्षात राहिली, त्या गोष्टीचा. नेमकी तिथे ती पोहोचली, की बाहेरच्या खोलीत कप्तान कुणाला तरी तीच गोष्ट सांगत असायचा. ऐकता ऐकता सुई थांबायची. अशा पाच गोधड्या पोट उघडं टाकून ट्रंकेत पडल्या होत्या.

यंदा लेकीने मनावर घेतलं. ती वाचनालयात कामाला. तिथल्या हॉलमध्ये प्रवासाच्या आठवणींचं प्रदर्शन भरणार होतं.

"आई, पाचही पुऱ्या कर. शेजारी मी कार्डं लावते, कुठल्या सहलीत काय झालं त्याची. बाबांकडून सगळं लिहून घेतलंय."

"मला विचारलं नाहीस?"

"तुला कुठे आठवतं काही! विचारलं की म्हणतेस, झालं असेल तसंच."

हे खरंच होतं. म्हणून कप्तानीण निमूट कामाला लागली. चार गोधड्या तिने हातोहात उरकल्या आणि मध्ये कप्तान सांगे तेच लावून टाकलं. डोंगरावर त्याने अस्वलाशी झुंज दिली होती. होतं ते कुत्रं, आणि तेच याला घाबरून पळालं होतं. पण काळं होतं एवढं खरं, म्हणून तिने काळा तुकडा लावला. कोण वाद घालणार?

पाचवी तळ्याची. तिच्या गाठोड्यात एक निळी कॉलर निघाली, फाटून आलेली, टोकाला पत्र्याचं बटण. नावाड्याची कॉलर.

ती गोष्ट गल्लीतल्या मांजरांनाही पाठ होती. तळ्यात वादळ उठलं, नावाडी पाण्यात पडला, कप्तानाने एका हाताने होडीची कडी धरली, दुसऱ्या हाताने नावाड्याची कॉलर, आणि ओढला वर! पहिल्या वर्षी लाटा गुडघ्याएवढ्या होत्या. कप्तान निवृत्त झाला तोवर त्या एवढ्या वाढल्या, की पुलाखालून जाताना त्यांना वाकावं लागे. नावाडीही आधी किडकिडीत होता. पुढे रेड्याएवढा झाला, आणि मध्यंतरी एका पावसाळ्यात तर दोन नावाडी पडले होते.

कप्तानिणीने कॉलर हातात घेऊन डोळे मिटले. तिला तळं दिसलं, होडी दिसली, आणि कडी धरलेला कप्तानाचा केसाळ हात दिसला. ती दचकलीच. असं नव्हतं झालेलं. मग कसं झालं होतं? ते काही केल्या दिसेना.

तिने थोरल्या बहिणीला, ताईला, फोन लावला. त्या सहलीला ताई बरोबर होती.

"ताई, तळ्यात नावाडी पडला, तेव्हा त्याला कुणी काढलं गं?"

"म्हणजे काय? आमच्या कप्तानाने! अगं, या डोळ्यांनी पाहिलंय मी."

"तू तर खोलीवर होतीस ना? पाय मुरगळला होता तुझा."

"हो का? असेल बाई. पण मला तर सगळं लख्ख दिसतंय. लाटा काय गं त्या!"

फोन ठेवून तिने रागाने कॉलर मुठीत आवळली. उजव्या मुठीत. आणि डावा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर घट्ट बसला, असा, की तळव्यावरचा जुना व्रण दांड्यावर बरोबर आडवा आला. डोळ्यांना आठवेना ते हाताला आठवलं.

कडी गंजकी होती. तळहात फाटला होता. नावाडी खालून "बाई, सोडू नका" म्हणत होता, आणि कप्तान बाकाखाली होता, डोकं बादलीत घालून.

संध्याकाळी लॉजवर लोक गोळा झाले. कुणी काढलं, कुणी काढलं, म्हणून विचारू लागले. नावाडी तापाने फणफणून निजलेला. तेव्हा कप्तानाने तिच्याकडे पाहिलं. दिवसभर ओकून त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. तिला त्याची कीव आली. तो म्हणाला, "मी," आणि तिने जखमेचा हात पदराखाली घेतला. एका संध्याकाळपुरतं दिलं होतं तिने. परत मागायचं राहून गेलं.

जेवायला तिघं बसली, तेव्हा तिने मागितलं.

"अहो, नावाड्याला मी काढलं होतं."

कप्तान हसलाही नाही. खरोखरीच गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. "अगं, तू तर बाकाखाली होतीस. बादली मीच आणून दिली तुला."

"तुमचा तळवा दाखवा. ती कडी धरून कातडं राहिलं असतं का? हा बघा माझा."

लेकीने घास खाली ठेवला. "आई, तो डाग कुकरच्या झाकणाचा ना? मला लहानपणापासून तूच सांगितलंयस. झाकणाला हात लावू नको, बघ माझं काय झालं ते."

कप्तानिणीने तळवा मिटून घेतला. नवऱ्याच्या शंभर थापा टिकाव्यात म्हणून तिने जन्मात एकच थाप मारली होती, आणि घरात सगळ्यांत पक्की तीच निघाली.

"बाबा, बघा," लेक लाडात येऊन म्हणाली, "तुमच्याबरोबर राहून आईही शिकली!"

"चालायचंच," कप्तान मोठ्या मनाने म्हणाला. "वय झालं की होतं असं. भाजी वाढ गं तिला."

तिने गोधडी पुरी केली. मधल्या चौकोनावर साधं पांढरं कापड लावलं आणि त्याच्या आत, वरच्या थराखाली, कॉलर शिवून टाकली. बटण वर.

प्रदर्शनाला गर्दी झाली. "मध्ये काहीच नाही का हो?" असं कुणी विचारलं, की कप्तान हात उडवून म्हणे, "अहो, वादळात दिसणार काय? सगळं पांढरं!" लोक माना डोलवत. एका बाईने कप्तानिणीचा डावा हात हातात घेतला. "भाग्यवान आहात हो. असा माणूस मिळायला नशीब लागतं." कप्तानिणीने हळूच हात सोडवून घेतला.

गोधड्या घरी आल्या. कप्तानाने दुपारच्या झोपेला नेमकी तळ्याचीच निवडली.

"अगं, यात काहीतरी टोचतंय. छातीला."

"कुशीवर वळा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं होतं. टोचू दे. रोज टोचू दे.

ते बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. बाहेरच्या खोलीत पाहुणे होते आणि कप्तान सदऱ्याच्या वरच्या गुंड्या सोडून छाती चोळत होता. "त्या दिवशी होडीचा आकडा इथे घुसला होता. कुणाला बोललो नाही कधी. अजून टोचतो बघा, आडवं पडलं की."

त्याच दुपारी कप्तानिणीने चौकोन उसवला, कॉलर काढली, टाके परत घातले आणि कॉलर चुलाण्यात टाकली. कापड भुर्रकन गेलं. बटण तेवढं राखेत राहिलं.

तरी कप्तान दुपारी गोधडी ओढून निजला, की छातीवर हात जायचाच. चार वाजता कुणी आलं, की चोळत चोळत बाहेर यायचा.

"खरंच अजून टोचतं का हो?" एका पाहुणीने स्वयंपाकघरात डोकावून विचारलं.

कप्तानीण कपात चहा गाळत होती. तिने गाळणं झटकलं.

"टोचतं तर," ती म्हणाली. "मी रोज बघते ना."