टोपडं झालेला रुमाल

"बाळ घरात रडल्याशिवाय टोपडं शिवू नये गं, मुरिन," शेजारच्या बोनरमावशी म्हणाल्या होत्या.

"सुईला काय कळतंय, मावशी!" मुरिन हसली आणि तिने मला दुमडून पहिला टाका घातला.

मित्रांनो, मी लिननचा एक जुना रुमाल आहे. आमच्या आयर्लंडातल्या डोनेगॉलकडे नवरी लग्नात माझ्यासारखा रुमाल हातात धरते. तिला मूल झालं, की चार टाके आणि एक रिबीन लावून त्याचंच बाप्तिस्म्याचं टोपडं होतं. पुढे घरात लग्न निघालं, की टाके उसवायचे. पुन्हा रुमाल. मुरिनच्या आईने, ग्रान्याने, मला आधी मिरवलं. मग मी मुरिनच्या डोक्यावर बसलो, नंतर तिच्या धाकट्या बहिणीच्या, क्लोडाच्या. कपाळावर पाणी पडताच दोघींनी असं भोकाड पसरलं, की पाद्रीबाबा दचकले. मुरिनच्या लग्नात सगळे म्हणाले, "काय नाजूक किनार आहे!" मी नुसता फुगलो होतो.

मुरिनचं बाळ रडलंच नाही. दिवस भरायच्या आधीच, निजलेलंच जन्मलं.

सुईचा यात काही दोष नव्हता. पण हे मुरिनला कोणी सांगितलं नाही. तिने एकदाच आईला विचारलं, "मी घाई केली, म्हणून का गं?" ग्रान्याचा चेहरा उतरला. "आता तो विषय नको," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून मी मुरिनच्या उशीखाली आहे. दिवसातून कितीदा तरी ती मला मुठीवर चढवते. तिची मूठ लहानच आहे. तरी बाळाचं डोकं त्याहून लहान होतं.

यंदा क्लोडाचं लग्न ठरलं. तिला सगळं जुन्या रीतीने हवं होतं. नवरा-नवरीचे हात एकत्र बांधायला तिने तीन रंगांची दोरी विणली, माळावर खुर्च्या मांडायचं ठरवलं, पावा वाजवणारा बोलावला. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात नुसता गलका होता. बाहेर पाऊस लागला होता.

"अगं, बाळाला बाहेर ठेवलं का?" ग्रान्याने विचारलं. बाळ येशूची मूर्ती कुंपणाखाली ठेवली, की लग्नाला ऊन पडतं, असं आमच्याकडे मानतात.

"ठेवते. भिजू दे रात्रभर!" क्लोडा म्हणाली.

"डोकं फुटलं तर अजूनच चांगलं," बोनरमावशी म्हणाल्या. "फुटक्या डोक्याच्या बाळाला जास्त ऊन पडतं."

"मग माझ्या नवऱ्यालाच उभा करू की!" क्लोडा म्हणाली.

सगळे खदखदून हसले. मुरिन पुसत असलेली बशी खाली ठेवून उठली.

"आणि रुमाल गं?" क्लोडाने विचारलं. "टाके उसवून ठेव हं."

खोलीत मुरिनने कात्री हातात घेतली. कात्रीचं टोक दोऱ्याखाली गेलं, थांबलं, परत आलं. ती मला घेऊन परसात गेली. कुंपणाखाली ते मातीचं बाळ भिजत उभं होतं. तिने त्याचा चेहरा बाहीने पुसला, मला त्याच्या डोक्यावर घातलं आणि हनुवटीखाली हलकेच गाठ मारली. या खेपेला टोपडं झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्या आत एक डोकं आलं होतं, मित्रांनो. ते गार होतं.

सकाळी ग्रान्याने मला तिथे पाहिलं. तिने वाकून हनुवटीखालची गाठ सोडली. मग तिने मला आत आणलं. "तिच्याच्याने नाही व्हायचं हे. मीच करते," ती पुटपुटली. एका ओढीत टाके निघाले. गरम इस्त्री फिरली, तरी सुयांची भोकं राहिलीच.

"मुरिनला बोलावू?" क्लोडाने विचारलं.

"राहू दे. एकटीच बरी आहे ती."

तिला एकटं सोडणं, हीच सगळ्यांना माया वाटली.

आता ऊन पडलं आहे. क्लोडाच्या मनगटाशी, त्या दोरीखाली मी बांधलेला आहे. लोक म्हणताहेत, "काय नाजूक किनार!" मुरिनचा नवरा कहाल तिकडे खाली पाहुण्यांच्या गाड्या लावतो आहे. ग्रान्याशेजारची खुर्ची रिकामी आहे. सगळ्यांना वाटतं, मुरिन येईल.

मित्रांनो, एकटं बसलेलं माणूस बरंच असतं, असं कधी धरून चालू नका. मला पाय नाहीत, मी घट्ट बांधलेला आहे. तुम्ही तरी जा. परसातून घरात शिरून वर गेलं, की डावीकडची खोली मुरिनची. दार वाजवा. उत्तर आलं नाही, तरी आत जा.