राळ्याची पिशवी

चंद्रम्मा भाकरी वाढायला वाकली आणि मल्लव्वाच्या ताटाशेजारी राळ्याचे पिवळे दाणे भुरुभुरु सांडायला लागले. घरात त्या दिवशी राळा शिजलाच नव्हता. दाणे चंद्रम्माच्या चोळीतून पडत होते.

मल्लव्वा मादन हिप्परग्याहून आपल्या मुलासाठी दानम्माला, चंद्रम्माच्या एकुलत्या लेकीला, पाहायला आली होती. पुरुषमंडळी बाहेर ओसरीवर जेवत होती, एवढं एक बरं झालं.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलिस ॲक्शनच्या साली चंद्रम्माच्या डाव्या थानात गाठ लागली. लाजेपायी दोन वर्षं तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. शेवटी मिशनच्या दवाखान्यात थानच काढावं लागलं. डॉक्टर कॅन्सर म्हणाले. भालकीला परतल्यावर तिच्या नवऱ्यानं, जगदेवप्पांनी, पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून सगळ्यांना सांगून टाकलं. आईचा असला आजार कळला तर लेकीला कोण करून घेणार? म्हणून चंद्रम्मानं थानाच्या जागी चोळीत घालायला पिशवी शिवली. तूरडाळ टोचायची, ज्वारी जड व्हायची, राळा बरोबर बसला. एवढी बारीक शिवण तिनं स्वतःच्या लग्नाच्या चोळीलाही घातली नव्हती. रडू मात्र तिला कधी आलं नाही. न्हाताना खाली नजर गेली तरी दुसऱ्याच कुण्या बाईचं अंग धुतोय असं तिला वाटायचं.

मल्लव्वानं जेवण पुरं केलं, हात धुतले आणि तिला आतल्या खोलीत नेऊन काय ते विचारलं. चंद्रम्मानं खरं ते सांगितलं.

"पोरगी पसंत हाय, अक्का. मी सोयरीक मोडत न्हाई," मल्लव्वा म्हणाली. "आपल्या लिंगवंतांत विटाळ मानत न्हाईत, मलाबी ठावं हाय. पर लग्नात आईनं करायचं ते तुमच्या जावंला करू द्या. माज्या मनाला बरं वाटंना."

चंद्रम्माला कुठं काही दुखलं नाही. व्हय म्हणून तिनं सांडलेला राळा झाडायला झाडणी घेतली.

वैशाखात लग्न निघालं. दानम्मा आईवाचून हळद लावून घेईना. तिला चंद्रम्मानंच दटावून उभं केलं. जाऊ निलम्मा आईच्या जागी उभी राहिली. ओटीत आधी काय घालायचं ते तिला आठवेना, दोनदा आत येऊन विचारून गेली. चंद्रम्मा चुलीपुढं बसून हुग्गी, गव्हाची गोड खीर, ढवळत होती.

वऱ्हाडातली एक म्हातारी पाणी मागायला आली आणि तिच्या तोंडाकडं बघतच राहिली.

"नवरी तुमच्यावानीच हाय की," ती म्हणाली. "तुमी कोन लागता तिच्या?"

"मावशी," चंद्रम्मा म्हणाली आणि तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.