मधोमध थांबणारा ट्रॅक्टर

त्या वर्षी करमाडच्या आसपास बोरीची झाडंसुद्धा वाळली होती, पण शेंद्र्याकडच्या नव्या वसाहतीत सांडपाणी शुद्ध करून हिरवळ जगवली होती. संध्याकाळी त्याच हिरवळीवर मंडप घालायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं घरांच्या चाव्या वाटायच्या, दोनशे माणसं जेवायची. आणि गवत कापायचा छोटा ट्रॅक्टर ऐन दुपारी मधोमध उभा राहिला.

वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर सर्जेराव हत्यारांची पिशवी घेऊन आले, तेव्हा माळी फकिरा दूर कडुनिंबाखाली उभा होता.

"इकडं ये की! तुझंच लेकरू हाय ना हा ट्रॅक्टर?"

"तुम्हीच बघा, अण्णा. मला तिथं नगं वाटतं. या आठवड्यात तिसऱ्यांदा थांबलं. दोनदा कामावरच्या पोरांनी उचलून भाईर काढलं."

"आणि दर वेळी इथंच?"

"व्हय. इथंच."

सर्जेरावांनी चावी फिरवली. इंजिन झकास बोललं. पायडल दाबलं, पण चाकं ढिम्म. ना पुढं, ना मागं. या यंत्राला गिअर नसतात. तेलाच्या दाबावर चाकं फिरतात. त्यांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, चावी खिशात टाकली आणि गवतावर आडवे होऊन खाली डोकावले. पट्टा जागेवर होता. तेल भरलेलं होतं. गळती नव्हती.

मग त्यांना जाणवलं, की पाठीला गारवा लागतोय. चैत्राचं ऊन डोक्यावर, आणि जमीन माठासारखी गार. त्यांनी सहज कान टेकवला. आत कुणी झोपेत श्वास घ्यावा तसा आवाज येत होता. सावकाश. मग थांबून पुन्हा.

वारा असंल, असं म्हणून ते सरकत मागच्या बाजूला गेले. तिथं घोटाळा सापडला. यंत्र बंद पडलं तर ढकलता यावं म्हणून मागं एक दांडी असते. ती बाहेर ओढली की तेलाचा दाब सुटतो, चाकं मोकळी होतात. त्या दांडीला फकिरानं तारेत ओवलेलं लिंबू-मिरची लटकवलं होतं. तारेचं टोक गवताच्या मुळांत अडकलं होतं आणि दांडी ओढली गेली होती.

सर्जेराव खो खो हसले. "फकिरा, लेका, दृष्ट काढाया बांधलंस आणि यंत्राचंच नाक दाबलंस! ती दांडी म्हंजी अडकवायचा हूक न्हाय रं!"

फकिरा हसला नाही.

सर्जेरावांचंही हसू हळूहळू ओसरलं. ही तार एरवी जमिनीपासून चांगली चार बोटं वर राहते. मग इथंच कशी टेकली? त्यांनी गाल जमिनीला लावून नजर टाकली. मागची चाकं खाली उतरली होती, शेपूट काठावर राहिलं होतं. डोळ्यांना सपाट दिसणारी हिरवळ इथं गोल खचली होती. परातीसारखी.

त्यांनी जरा हँडब्रेक सैल केला. कुणी हात न लावता ट्रॅक्टर वीतभर मधल्या अंगाला सरकला. त्यांनी झटकन ब्रेक ओढला आणि रांगतच बाहेर आले.

"काय हाय खाली?"

फकिराचे ओठ सुकले होते. "विहीर. कुलकर्णी साहेबांनी बुजवा म्हणून सांगितलं होतं. पण अण्णा, ती जिती व्हती. एवढ्या दुष्काळात पाणी व्हतं तिला. जित्या विहिरीवर माती कोण टाकंल? आम्ही तोंडावर फरश्या टाकल्या, वर माती पसरली. साहेबांना म्हणलं, बुजवली."

"आणि लिंबू?"

"मला ती हाक मारती."

तेवढ्यात वसाहतीचा व्यवस्थापक शंतनू कुलकर्णी मोबाइल कानाला लावून आला. सर्जेरावांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"काका, माझ्याकडं कागद आहे विहीर बुजवल्याचा. मंडपवाले पाचला येतायत. चावी द्या, मी काढतो."

"चावी न्हाय देणार. मंडप हलवा."

"कागद खोटा, आणि लिंबू खरं?" शंतनू हसत सरळ त्या गोलाकडं निघाला.

सर्जेरावांनी पुढं सांगायचा नाद सोडला. ते काठावर पालथे पडले, हात लांबवून हँडब्रेक पुरता सोडला. शंतनूचा पाय गवतावर पडायच्या आत ट्रॅक्टर निघाला. आवाज न करता, पाणी प्यायला निघालेल्या जनावरासारखा. मधोमध जाऊन थांबला. गवत चादरीसारखं लोंबलं. कडाड्‌दिशी फरशी फुटली आणि तिथं नुसतं काळं तोंड उरलं.

बऱ्याच वेळानं खालून पाण्याचा आवाज आला. लई खोलातून.

शंतनूच्या हातातला मोबाइल बोलतच होता. शेवटी तो पुटपुटला, "मंडप... मंडप शाळेच्या मैदानावर घ्या. नाही, आत्ताच."

सर्जेरावांनी खिशात हात घातला. चावी तिथंच होती, घामानं ओली.

"अण्णा," फकिरा म्हणाला, "तुम्ही बंद केलं व्हतं ना?"

सर्जेरावांनी होकारार्थी मान हलवली. खालून, पाण्याच्याही खालून, इंजिनाचा आवाज येत होता. एका जागी नव्हता तो. संथपणे इकडून तिकडं जायचा, टोकाला वळायचा, पुन्हा यायचा. खाली कुणीतरी गवत कापत होतं.