चिनी पेट्यांतले चारशे बुश

दीपमालाला त्या दिवशी कोंडीरामकाकांचा गळाच धरावासा वाटला.

चाकणला तिचं छोटं वर्कशॉप. तीन लेथ, चार माणसं आणि पहिल्यांदाच परदेशी निघालेला माल: चारशे पितळी बुश, म्हणजे ज्यांच्यात दांडा फिरतो त्या आखूड नळ्या, इंडोनेशियातल्या मासेमारी बोटींसाठी. आग्नेय आशियातल्या देशांच्या आसियान संघाशी भारताचा व्यापार करार आहे. माल खरोखर भारतात बनलेला असेल, तर तिकडे जकातीत सूट मिळते. ती हुकली की आपला बुश महाग पडणार आणि गिऱ्हाईक कायमचं दुसरीकडे जाणार, हे दीपमालाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून गिऱ्हाइकाकडून तपासणीला येणाऱ्या श्रद्धा मॅडमसाठी तिने सकाळपासून फरशी दोनदा पुसून घेतली होती.

पण पॅकिंग पाहिलं होतं कुणी? ते काकांनी केलं होतं. आकुर्डीच्या कंपनीत बत्तीस वर्षं काढून रिटायर झालेला, आता तिच्या लेथवर काम करणारा हा माणूस, पण दणकट पेटी दिसली की हात शिवशिवतात. भंगारातून सहा पेट्या आणल्या, घासूनपुसून चकाचक केल्या. आणि त्यांच्यावर चारी बाजूंनी ठळक चिनी अक्षरं!

मॅडमनी पेटीकडे पाहिलं, मग दीपमालाकडे. "माल इथेच बनलाय ना? की बाहेरून आणून नुसता भरलाय?"

 दीपमालाने पितळेची बिलं पुढे केली.

"कागद काय, कुणीही आणतं," मॅडम म्हणाल्या.

"व्हय, आणतंच की," काका मधेच बोलले. दीपमालाने कपाळावर हात मारला. काकांनी मात्र पितळेची सळई लेथच्या जबड्यात, चकात, आवळून लेथ सुरू केला. "मॅडम, गॉगल घाला अन् हितं उभ्या ऱ्हावा."

दहा मिनिटांत गरमागरम बुश मॅडमच्या रुमालात पडला. त्यांनी तो मापून पाहिला, मग पेटीतले पाच. मापं तंतोतंत जुळली. कड बोटाला लागू नये म्हणून काका शेवटी हाताने कानस फिरवतात. त्या कानशीची खूणही सगळ्यांवर सारखीच होती.

"पेट्या तेवढ्या बदला, माल पास," मॅडम हसल्या आणि रिपोर्ट लिहायला बसल्या. "समोर बनवून दाखवणाऱ्याचं पूर्ण नाव?"

काका गडबडले. आयुष्यात लाखो पार्ट काढले, पण पार्टाच्या कागदावर त्यांचं नाव कुणी कधी लिहिलं नव्हतं. "माझं नाव... तिकडं जाणार?"

"जाणार की. आणि गाव?"

काकांना गाव विचारलं की उत्तर ठरलेलं: तालुका केज, जिल्हा बीड. दीपमालाने ते हजारदा ऐकलं होतं. काकांनी तोंड उघडलं, मग हाताचं तेल पँटला पुसलं.

"चाकण लिवा," ते म्हणाले.

दीपमाला घाईघाईने पेट्या रिकाम्या करायला वळली. तिचे डोळे भरून आले होते, आणि काकांनी पाहिलं असतं तर वर्षभर चिडवलं असतं.