दोन खंडांपैकी पहिला

मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. खरं तर अर्धाच. माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरांत 'खंड पहिला' असं छापलंय. दुसरा खंड माझ्याच कापडी बांधणीचा. बाबांनी तरुणपणी आम्हाला दोन काखांत धरून घरी आणलं, तेव्हापासून तो मला टेकून उभा होता.

मित्रांनो, त्या घरात चहा झाला की एक शब्द उघडायचा, अशी रीत होती. लेक अर्थ वाचायची, बाबा मूळ सांगायचे. शेवटच्या दिवशी शब्द निघाला 'डिव्हाइड'.

"भाग करणे, वाटून देणे, फूट पाडणे," लेकीनं वाचलं.

"पहिलं शाळेत, दुसरं पंगतीत, तिसरं नातेवाइकांत," बाबा म्हणाले. "लॅटिन 'दिविदेरे'. 'दि' म्हणजे दूर, उरलेल्याचा अर्थ तोडणं. याच मुळाचा एक शब्द आपल्याकडेही आहे. दुसऱ्या खंडात 'विडो'खाली बघ."

"उद्या बघते हं, बाबा. निघायला हवं."

"तुझं उद्या म्हणजे नाहीच," ते हसले. आम्हा दोघांना फडक्यानं पुसून त्यांनी जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

पुढं वाटणी झाली. लेकीचा दादा तिला म्हणाला, "दोन खंड, आपण दोघं. कटकटच नको." माझा जोडीदार त्याच्या पिशवीत गेला. मग त्याच आवाजात तो म्हणाला, "आई सहा महिने माझ्याकडे, सहा तुझ्याकडे." लेकीनं मान डोलावली. आई दारातच उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. मला तरी कुठे विचारलं होतं?

आता लेकीच्या घरी माझ्या शेजारी इस्त्री ठेवतात. आधार गेल्यामुळे मी कललोय, शिवण उसवत चाललीय.

आज दादा आईला न्यायला येणार होता. लेकीनं मला काढून तेच पान उघडलं. हात सवयीनं दुसऱ्या खंडाकडे गेला आणि इस्त्रीला लागला.

"कुठला शब्द राहिला, कोण जाणे," ती पुटपुटली.

"विधवा," बॅगेची चेन ओढत आई म्हणाली. "लग्न झाल्या झाल्या मला सांगितलं होतं त्यांनी. म्हटलं, भलतंसलतं काय बोलता!"

मित्रांनो, पुस्तकांना कव्हरं घाला, असं मी सांगणार नाही. कव्हरं घातलेल्यांचीही वाटणी होते. फक्त वाटे घालण्याआधी, ज्याचे वाटे पडणार त्याला एकदा विचारा.

खाली हॉर्न वाजला. लेकीनं आईच्या हातातली बॅग घट्ट धरली.

"आई," ती म्हणाली, "तुला कुठे राहायचंय?"