क्लचमागची वायर

बापूरावांनी किल्ली फिरवली. काहीच झालं नाही.

पुन्हा फिरवली. साधी टक्कसुद्धा नाही.

बॉनेटमागून मेहबूबचं डोकं वर आलं. क्लच पूर्ण दाबलाय ना, असं त्याने विचारलं. बापूरावांच्या डोक्यात स्टार्टर होता. नुकताच बसवलेला स्टार्टर त्यांनी सकाळीच उलटासुलटा करून पाहिला होता. जुन्याचे दात नव्या फ्लायव्हीलच्या दातांत बसत नाहीत, म्हणून हा दुसरा आणावा लागला, असं मेहबूब सांगत होता. जुना लावून पाहिला. खरंच बसत नव्हता. तरी संशय गेला नाही. उठून फक्त दुसरीकडे जाऊन बसला.

दुसरीकडे म्हणजे अभिनवकडे. मुलाकडे.

तो गॅरेजबाहेर, हडपसरच्या धुळीत, गळ्यात कंपनीचं कार्ड घालून मोबाइलवर इंग्रजीत कुणाची तरी समजूत घालत होता.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून बापूरावांचा डावा पाय नावापुरता उरला होता. पण ही जुनी जर्मन गाडी ऑटोमॅटिक. तिला डावा पाय लागतच नसे. एका उजव्यावर ते वाघोलीपर्यंत जाऊन येत. नेमकी तीच गाडी अभिनवने क्लचची करायला टाकली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे भाग इथे मिळत नाहीत, म्हणे. अमेरिकेतला पिझ्झा दारात मिळतो या शहरात.

त्यांनी डावा गुडघा दोन्ही हातांनी उचलला. पाऊल क्लचवर ठेवलं. दाबलं.

अर्धा.

अर्ध्याच्याही अलीकडे.

मेहबूब खिडकीशी आला तसं त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"गिअर पार्किंगला असल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या दोन वायरी होत्या. त्या एकमेकींना जोडल्या की काम झालं. त्या क्लचला कशाला नेल्यात?"

मेहबूब पुसलेला पाना परत पुसू लागला.

"जोडणारच होतो, काका. पण सांगितलं तसं केलं. क्लच तळाला गेला तरच स्टार्टरला करंट."

"अभिनवने सांगितलं."

"नाही. त्यांना ठाऊकही नाही." त्याने दाराकडे नजर टाकली. "काकूंचा फोन आला होता."

मुक्ताई दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. इकडे पाहत नव्हत्या.

तेवढ्यात फोन खिशात टाकून अभिनव आला आणि छतावर हात ठेवून वाकला.

"झालं का, बाबा? आता आपोआप गिअर पडायची भीती नाही. शनिवार पेठेतलं तुम्ही सांगितलंत ना, तेव्हाच ठरवलं होतं, तो गिअरबॉक्स आधी काढायचा. पाय येईल हळूहळू. तोवर मी बसेन शेजारी."

शनिवार पेठेत गाडी भांड्यांच्या दुकानाची पायरी चढली होती. गणवेशातली एक मुलगी वेळेवर मागे सरली, म्हणून वाचली. गिअर आपोआप पडला, असं बापूरावांनी घरी सांगितलं. ब्रेक समजून उजवा पाय कशावर पडला होता, हे गाडीतल्या दोघा नवरा-बायकोलाच माहीत होतं. त्या संध्याकाळी मुक्ताई एवढंच म्हणाल्या होत्या, चहा टाकते.

"सुरू का होत नाहीये?" अभिनवने मेहबूबकडे पाहिलं. "स्टार्टरचा प्रॉब्लेम आहे?"

मेहबूबने बापूरावांकडे पाहिलं.

"स्टार्टर उत्तम आहे," बापूराव म्हणाले. त्यांनी पाऊल हाताने उचलून खाली घेतलं आणि उतरायला बराच वेळ लावला. "तू चालव."

मागच्या सीटवर मुक्ताई आधीच येऊन पलीकडे सरकल्या होत्या. बापूराव टेकले. पुढे अभिनव आरसा आपल्या उंचीला लावत होता.

"गाडीतलं एवढं कधी शिकलीस?"

मुक्ताईंनी पर्सची चेन ओढली.

"शेजारी बसून."

अभिनवने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.