लाळेचा थेंब वाचणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, लाळ तपासणारी. नाकं मुरडू नका, तुमच्याही तोंडात तीच आहे.

सातपूरच्या एका कारखान्यात माझं अंग घडलं. पोटात एक दिवा आणि सोन्याचा पातळ मुलामा दिलेली पट्टी. पट्टीवर लाळेचा थेंब टाकतात. तोंडाच्या कॅन्सरची सुरुवात असली, तर त्याच्या खुणा पट्टीला चिकटतात आणि उजेड जरासा सरकतो. तेवढं सरकणं मला कळतं. भल्याभल्यांना कळत नाही! नवी होते तेव्हा मला हार घातले, फोटो काढले. आता सुरगाण्याच्या वाटेवर जीपमध्ये आपटून हाडं खिळखिळी झाली आहेत.

मला चालवते दवाखान्यातली खुशनुमा. एका पाड्यावर तिच्यापुढे भागीबाई बसली. गालाच्या आत पांढरा डाग. थेंब पाहते तर काळा! उजेड आत शिरेना.

"मावशी, तोंडाला काही लावू नका, सांगितलं होतं ना?"

"घाण तोंड घेऊन दवाखान्याच्या माणसापुढं येऊ व्हय? मुद्दाम दोनदा मशेरी घासली."

रांगेतल्या सगळ्याच बाया माझा मान राखून जळक्या तंबाखूची ती मशेरी लावून आलेल्या. कपाळ माझं!

"उद्या सकाळी पारोशाच या. चूळसुद्धा भरू नका."

"उद्या द्राक्षाच्या कामाला जायचंय. जीप येईल."

एकदा गेली की भागीबाई हंगाम संपेपर्यंत परतणार नव्हती. डाग तेवढं थांबतो का?

"जीपच्या आधी या."

"पारोशी? सुनेपुढं लाज जाईल माझी!"

तरी आली, तोंडाला पदर लावून. नेमकी माझ्याच दिव्यापुढची काच धुळीने भरलेली. किती दिवसांत कुणी पुसली नव्हती. बाहेर जीपवाला हॉर्न बडवत होता. खुशनुमाने काच पुसली, थेंब टाकला. उजेड सरकला.

"मावशी, आज नाशिकच्या दवाखान्यात चला."

"दुखत तर नाय!"

"म्हणूनच आज चला."

द्राक्षाच्या कामाची जीप तिला न घेताच गेली. नाशिकला डॉक्टरांनी डागाचा तुकडा तपासला. सुरुवातच होती. छोट्या शस्त्रक्रियेवर भागलं. आता भागीबाई रांगेतल्या बायांना दम देते, "मशेरी लावून आलीस? हो मागं!"

मला मात्र पुन्हा कपाटात कोंबतात. मित्रांनो, माझी काच पुसत जा. मी थकले आहे, आंधळी झालेले नाही. आणि घरच्या बाईला सांगा, दुखल्यावर जायला डॉक्टर आहेतच. माझ्याकडे दुखायच्या आधी या.